विरामाला दहापैकी दहा

"परत काढ तो आवाज," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. हसत न्हवत्या.

मला वाटलं, चेष्टा जास्त झाली. शेजारी गुरुजी अजून हसून-हसून डोळं पुसत होते. मी म्हटलं, "सॉरी मॅडम. परत न्हाय करणार."

"सॉरी राहू दे. आत्ता काढलास तस्साच काढ. पहिल्या ओळीपासून."

वन्समोअर आला की कलाकार खूश होतो. मी न्हाय झालो, कारण मॅडमनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यासमोर धरलं होतं.

आधी मी कोण ते सांगतो. मी मिमिक्री आर्टिस्ट. मुरगूडला शाळेत गेलतो. तिथं शिकलो ते फक्त मास्तरांचे आवाज. ऑर्केस्ट्रा, लग्न, गणपती, सगळीकडं आपला अर्धा तास ठरलेला. कोरोना आला आणि धंदा झोपला. मग आरोग्य केंद्रासाठी रिक्षावर स्पीकर लावून अनाउन्सिंग करायला लागलो. 'पंचेचाळीसच्या वरच्या मंडळींनी लस घ्यावी' म्हणत गावोगाव फिरायचं. लोकं ऐकायची आणि दार लावून घ्यायची. एका आजीनं रिक्षा थांबवून विचारलं, "तू घेतलीस काय रं?"

"माझं वय बसत न्हाय, आज्जी."

"मग माझं बी बसत न्हाय. जा फुडं."

डॉक्टर मॅडम नाशिककडच्या, आमच्याकडं नवीन. एक दिवस कंटाळून म्हणाल्या, "सूचना कुणी ऐकत नाही. कविता ऐकतील का?"

मी म्हटलं, "मॅडम, कोल्हापूर जिल्ह्यात कविता ऐकतील का म्हाईत न्हाय. पण स्पर्धा लावा. इर्षेला पडलं की इथला माणूस जेवण सोडून येतोय."

तर स्पर्धा लागली. विषय लस. गर्दी बंद, म्हणून कविता फोनवर म्हणून आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. ज्याची पहिली येईल त्याची कविता माझ्या रिक्षावर वाजणार, आणि भांड्याच्या दुकानदारानं दिलेला प्रेशर कुकर त्याला मिळणार. दोन दिवसांत वरली गल्ली आणि खालची गल्ली इर्षेला पडली. वरल्या गल्लीच्या कविता जास्त झाल्या म्हणून खालच्या गल्लीतनं एकानं झोपलेल्या आजोबांना उठवून चार ओळी म्हणायला लावल्या. आजोबा मधेच विचारतात, "लस म्हंजे ती गुरांची न्हवं?" ते पण रेकॉर्ड झालं होतं.

परीक्षक दोघं. मॅडम, आणि मला मराठी शिकवलेले रिटायर गुरुजी. मी स्पीकरचं बटण दाबायला. तिघं लांब-लांब खुर्च्या टाकून, मास्क लावून बसलो. आमचा भाग उसाचा, त्यामुळं निम्म्या कवींनी लसीला ऊस जुळवला होता. गुरुजी प्रत्येकाला शून्य देत म्हणायचे, "ऊस आणि लस हे यमक नव्हे. हा अपघात आहे."

मग दस्तगीरमामाची कविता लागली.

दस्तगीरमामा म्हंजे खालच्या गल्लीची शान. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला कामाला, साच्यात वाळू ठोकायचं काम. पण गणपतीत स्टेजवर चढला की शाहीर. त्याची एंट्री शेवटच्या दिवशी आली होती. त्याच्या घरासमोर पिठाची गिरण, तिची घरघर कवितेच्या वर.

सुईला कशाला भ्यायचं गड्या, काटा न्हाय का मोडत पायात?
दंड दुखंल दोन दिस, पर माणूस ऱ्हाईल घरात.

गुरुजी खुर्चीत पुढं सरकले. "वा. थांबतोय कसा बघा. 'माणूस...' म्हणून थांबला. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला. मग 'ऱ्हाईल'. परत थांबला. ह्याला विराम म्हणतात. चाळीस वर्षं मी पोरांना हे शिकवत होतो. एकालाही जमलं नाही." असं म्हणून माझ्याकडं बघितलं. विरामाला त्यांनी दहापैकी दहा दिले.

कुकर मामाचा झाला. अडचण एकच, गिरणीच्या आवाजात कविता रिक्षावर वाजवता येत न्हवती. मॅडम म्हणाल्या, "तू त्यांच्याच आवाजात म्हणून रेकॉर्ड करशील?"

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. लोकांना वाटतंय, मिमिक्री म्हंजे गळा. गळा सगळ्यात शेवटी. आधी माणूस श्वास कुठं घेतो ते धरायचं. आमचे एक पुढारी 'या ठिकाणी' म्हटल्याशिवाय श्वासच घेत न्हाईत. गुरुजी छडी उचलायच्या आधी नाकानं घ्यायचे, त्यामुळं मला मार कवा बसणार ते आधीच कळायचं. श्वास जमला की आवाज आपोआप मागनं येतो.

मी स्पीकरला कान लावून मामाचा श्वास धरला. मग लांब सरकून, मास्क खाली घेऊन सुरू केलं. सुईला... कशाला भ्यायचं... गड्या. खांदं वर, छाती आत. गुरुजी हसायला लागले, "हुबेहूब." दुसऱ्या ओळीला मला दरदरून घाम आला. 'माणूस ऱ्हाईल'ला डोळ्यापुढं अंधारी आली आणि मी टेबल धरलं. गुरुजींना वाटलं ॲक्टिंग. ते आणखी हसले.

आणि मॅडम म्हणाल्या, परत काढ.

परत काढला. मॅडम घड्याळाकडं बघत माझे श्वास मोजत होत्या.

"हे तू वाढवून करतोयस?"

"न्हाय मॅडम. हाय तसंच हाय."

"मामा खरंच इथं श्वास घेतायत? एका शब्दाच्या मधे?"

"दोनदा घेतोय. गिरणीमुळं तुम्हाला ऐकू येत न्हाय. तसा श्वास घेतला म्हणूनच मला घेरी आली."

गुरुजींचं हसू तिथंच थांबलं. मॅडमनी मूळ रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं आणि मला म्हणाल्या, "फोन लाव त्यांना. स्पीकरवर."

मामानं पहिल्या रिंगला उचलला. "निकाल लागला व्हय रं?"

"मामा, डॉक्टर मॅडम हाईत. तुम्हाला एका दमात आकडे म्हणायला सांगत्यात. तीसपर्यंत."

"गुरुजी बी हाईत का तिथं? शाळा भरलीया जणू." मग लागला म्हणायला. एक, दोन, तीन. आठला थांबला. "तंबाखू हाय... तोंडात," म्हणाला.

मॅडम उठल्या. मी रिक्षा काढली. स्पीकर काढायला पण वेळ न्हवता.

मामा दारात नवीन शर्ट घालून बसला होता. मॅडमनी अंगभर पांढरा पीपीई किट घातलेला बघून म्हणाला, "कुकर द्यायला एवढी तयारी?"

मॅडमनी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. तो एक चिमटा असतोय, रक्तात ऑक्सिजन किती ते दाखवतो. पंच्याण्णवच्या वर पाहिजे. मामाचा अठ्ठ्याहत्तर. मॅडमनी बोट बदललं. अठ्ठ्याहत्तर. दुसरा हात. सत्याहत्तर.

"मशीन बिघडलंय तुमचं," मामा म्हणाला.

मॅडमनी चिमटा पुसून माझ्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. म्हंजे मशीन बरोबर होतं. हा माणूस समोर बसून चेष्टा करत होता.

मॅडम म्हणाल्या, "ह्या आजारात काही जणांचा ऑक्सिजन गुपचूप उतरत जातो. माणसाला कळतच नाही. लस घेतलीय का?"

"कविता केलीया की," मामा म्हणाला.

"लस, लस."

"ताप येतोय म्हणत्यात. कामाचा खाडा कोण करणार? आधी गाव घेऊ दे, मग मी."

"ॲम्ब्युलन्स बोलावतेय. कोल्हापूरला जायचंय."

मामाचा चेहराच बदलला. "मी जाणार न्हाय. ह्या गल्लीतनं दोघं गेलीत. दोघांचं तोंड सुदीक बघाय मिळालं न्हाय. मला काय झालंय? फौंड्रीची धूळ हाय ती."

मॅडमनी समजावलं, मग दटावलं. मामा दाराची चौकट धरून बसला. आत मामी उंबऱ्यामागं उभी. तिचं काय चालत न्हवतं. शेवटी मॅडम माझ्याकडं वळल्या. "त्यांना ऐकव."

आजवर मी कुणाच्या तोंडासमोर त्याची नक्कल केली न्हाय. मार बसतो. पण अंगणाच्या टोकाला उभा राहून मी मामाची कविता मामालाच ऐकवली. गिरण बंद होती. सगळं स्वच्छ ऐकू जात होतं. माणूस... ऱ्हा... ईल... घरात.

कुणी हसलं न्हाय.

मामा माझ्याकडं बघतच राहिला. मग मामीला विचारलं, "मी असा बोलतोय व्हय?"

मामी खालीच बसली. "चार दिस झालं असंच बोलताय. मला वाटलं, कवितेचा सराव चाललाय."

मामानं चौकट सोडली. म्हणाला, "चप्पल दे."

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मॅडमनी किट उतरवला. घामानं भिजल्या होत्या. म्हणाल्या, "उद्यापर्यंत थांबलो असतो तर बक्षीस मामींना द्यावं लागलं असतं." मी रिक्षा केंद्राकडं वळवली.

मामीची टेस्ट निगेटिव्ह आली. मामा वाचला. कोल्हापुरात बरेच दिवस ऑक्सिजनवर होता. आला तेव्हा निम्मा झाला होता, पण तोंड तेवढंच. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं थांबला आणि मग लसीच्या लायनीत खालच्या गल्लीतनं पहिला उभा राहिला. त्याच्या मागं गल्ली आली. ते बघून वरली गल्ली कशी मागं राहील? दुसऱ्या दिवशी ती बी आली. मला 'जा फुडं' म्हटलेली आजी पण होती. वय बसलं म्हणं.

वरल्या गल्लीनं कुकरवर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, विरामाचे दहा मार्क आजारपणाचे हाईत, कलेचे न्हवंत. गुरुजींनी हरकत फेटाळली, पण त्या दिवसापासनं ते विरामावर बोलत न्हाईत.

रिक्षासाठी मामानं कविता स्वतः परत म्हटली. एका दमात, धडाधड, कुठं थांबणं न्हाय. ऐकून गुरुजी मला हळूच म्हणाले, "पहिली जास्त चांगली होती."

कार्यक्रम आता परत सुरू झालेत. नक्कल करताना लोकं हसली तर चांगलंच. मला घेरी आली, तर स्टेजवरनं उतरून आधी ज्याचा आवाज काढला त्या माणसाला फोन लावतो.