आखाडाचं पातेलं आणि माझी कंबर

माझ्या मणक्यातली गादी सरकली, तेव्हा मी मारलेली बोंब मुरगुडात ऐकू गेली आणि कारखान्याचा भोंगा समजून तिथले लोक जेवायला बसले. ऑपरेशन झालं, डाव्या पायातली कळ गेली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "उरलेली गादी तिथंच आहे. वाकून वजन उचललंत, त्यात कंबर पिळलीत, तर पुन्हा सरकेल." बायकोनं ते माझ्यापेक्षा पक्कं पाठ केलं.

शिकवलेले व्यायाम केले. रंकाळ्यावर रोज इतका चाललो की तिथल्या म्हशी मला ओळखायला लागल्या.

मग आखाड आला. गल्लीच्या जेवणाचा मटणाचा रस्सा मीच करतो. रिवाज असा, की ज्यानं केला त्यानंच पातेलं चुलीवरून उतरवायचं. नाही जमलं तर पुढच्या वर्षी पळी दुसऱ्याच्या हातात. आणि पातेलं केवढं, तर त्यात बुडालेला कांदा आजऱ्याला वर निघायचा.

समोरचा म्हातारा पैलवान पळीवर टपलेलाच. "काय आचारी, पातेलं उतरवनार का कंबर?"

"उतरवतो की!"

"अहो!" गॅलरीतून बायको ओरडली. कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

मी चूल जमिनीवर मांडूच दिली नाही, कट्ट्यावर मांडायला लावली. पातेल्याचा काठ पोटाशी आला, वाकायचं कामच नाही. रस्सा उकळला. पैलवान बाह्या सरसावून पुढं झाला, तसा मी गरजलो, "औंदा पंगत न्हाय! वाट्या घ्या, वळीनं या. चुलीवरनं थेट वाटीत!"

गरम रस्सा म्हटल्यावर कोल्हापुरात वाद कोण घालणार? वाढताना मी कंबर न पिळता पावलं वळवत होतो. मधेच ताठ उभा राहून चव घ्यायचो. चव बरीच घ्यावी लागली.

तळ दिसला. जाळ विझवला, पातेलं निवू दिलं. एवढ्या वजनाला डॉक्टरांची आता हरकत नव्हती. गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, रिकामं, हलक्या जर्मनचं पातेलं पोटाशी धरलं आणि शेजारी कट्ट्यावर टेकवलं.

"ह्ये उतरवनं न्हवं!" पैलवान उसळला. "रिकामं कोन बी उतरवंल!"

"भरल्यालंच उतरवायचं, असं कवा ठरलंतं?"

त्यानं गल्लीकडं पाहिलं. गल्लीचं तोंड रश्शानं भरलेलं होतं. पळी माझ्याकडंच राहिली.

गॅलरीतून बायकोचा आवाज आला, "पुढच्या वर्षी चूल आणखी वीतभर वर घ्या."