हळदीच्या कढईतली कॉफी

परवा पुण्यात कॉफीचं नवं पाकीट फोडलं आणि वासासरशी आठवली ती आमच्या गावच्या, इंझोरीच्या शेतातली हळदीची कढई. बाबांनी चिखलदऱ्याहून आणलेली कॉफीची सात रोपं आंब्याच्या सावलीत, बुडाशी पालापाचोळा पसरून तीन उन्हाळे जगवली होती. चौथ्या वर्षी, हळद काढायच्या दिवसांत, त्यांवर लालबुंद फळं पिकली. बाबांनी ती टोपलीभर तोडली, आईला "याले जप" एवढंच सांगितलं आणि ते कारंज्याला गेले. फळं नुसती उन्हात वाळवायची होती, हे सांगायचं राहूनच गेलं. आमच्याकडे हळद शिजवल्याशिवाय उन्हात जात नाही. आईने तशीच फळंही जपली, हळदीच्या कढईत उकळून काढली. संध्याकाळी ती पिवळी, लिबलिबीत फळं पाहून बाबा ताडपत्रीवर बसले. "मले वाटलं, तुमचं काम हलकं होईन," आई कशीबशी म्हणाली. बाबा फळं पसरू लागले. पंधरा दिवसांनी आईनेच बिया सोलून तव्यावर भाजल्या. हळदीच्या वासाची ती कॉफी बाबांनी तळापर्यंत प्यायली आणि म्हणाले, "पुढच्या साली आपन दोघं मिळून वाळवू." पुढचं साल त्यांना मिळालं नाही. आई अजून फोनवर विचारते, "थे कॉफी खरंच चांगली लागली होती काय रे?" मी हो म्हणतो. माझा पेला मी त्या दिवशी न चाखताच मोरीत ओतला होता.