मुसअबला दाखवलेली भिंत

नाव: आफरा अब्दुस्समद. वय: चौतीस. कायमचा पत्ता: घर क्रमांक ४१२, आगरदांडा. व्यवसाय: विक्रीच्या घरांचे मोबाइलवर व्हिडिओ काढणे. कार्यपद्धती: उंबऱ्यावरून गिऱ्हाइकाला "या, आत या" म्हणणे आणि ओल आलेल्या भिंतीवरून चटकन पुढे सरकणे.

गल्फला गेलेल्यांची अकरा बंद घरं तिच्या व्हिडिओंवर विकली गेली. बारावं ती राहते ते. घर कुवेतमधल्या भावाच्या, मुसअबच्या नावावर आणि त्याने ते फोनवरूनच विकायला काढलं. अम्मीला हे कोणी सांगितलं नव्हतं. व्हिडिओ मुसअबला पाठवायचाय, एवढंच आफरा बोलली.

अम्मी नवी ओढणी घेऊन नेमकी ओल आलेल्या भिंतीपाशी उभी राहिली.

"मुसअब, बेटा, ही भिंत बघ. तू आलास की रंग मारू. तुझी खोली झाडून ठेवलीय."

"अम्मी, बाजूला हो ना."

"का गं? माझ्यामुळे घर वाईट दिसतंय?"

आफराने व्हिडिओ पुन्हा काढला नाही. फक्त आवाज पुसून टाकला. मग पाहिलं, तर अम्मीच्या आड ओल अजिबात दिसत नव्हती. तिने तोच गिऱ्हाइकांना पाठवला.

कायमच्या पत्त्यावरचं घर अठरा दिवसांत विकलं गेलं.