नंदी बेट्टाचं दव आणि माझा पदर

सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल, तर पिशव्या. यशवंतपूर स्टेशनवरून आलेल्या रिक्षातून चार पिशव्या उतरल्या, मग माझ्या नणंदबाई शकूवन्सं, आणि सगळ्यात शेवटी मीटरवरून रिक्षावाल्या अण्णाशी कन्नडातून भांडत त्यांचे यजमान. बेळगावची माणसं, भांडायला दोन दोन भाषा. वन्संनी चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "काय गं वहिनी, ते फोटो नक्की काढतं कोण?"

आता हे आधी सांगायला हवं. नातीनं तिचा जुना मोबाईल मला दिला, तेव्हापासून फुलं, मुंग्या, नाकतोडे यांचे फोटो काढायचं मला वेड लागलंय. घरच्या ग्रुपवर रोज एक टाकते. वन्संचा पक्का संशय, की फोटो नात काढते आणि नाव मी लावते. तसं त्यांनी सगळ्या गोतावळ्यासमोर लिहिलंसुद्धा. मी चौथी शिकलेली बाई, कबूल. पण ते वाचून दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. म्हणजे जेवले, पण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संना बाल्कनीत खुर्ची टाकून बसवलं. माझा कारखाना अगदी साधा, तुम्हीही करून बघा. सात वाजता ऊन आडवं येतं तेव्हाच फोटो काढायचा. ऊन डोक्यावर आलं की फूल पांढरंफटक पडतं. इस्त्रीच्या फवाऱ्यानं जास्वंदीवर थोडं पाणी मारायचं, झालं दव. आणि मागं माझा काळा परकर टांगायचा, म्हणजे समोरच्यांची पाण्याची टाकी दिसत नाही. पाहुण्यांदेखत तो परकर बघून सूनबाई आत निघून गेली. जाऊ दे. फूल कसं उठून दिसतं!

वन्सं म्हणाल्या, "पाणी तू मारलंस, अंधार परकराचा. यात तुझं काय? खरं दव दाखव. माझ्या डोळ्यांदेखत."

म्हणून नंदी बेट्टा. बेट्टा म्हणजे डोंगर, आमच्या घरापासून गाडीनं दीड-दोन तास. जायचं तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी वर गाड्यांची एवढी रांग लागते की सूर्य उगवून ऑफिसला जातो. आम्ही बुधवारी उजाडायच्या आत निघालो. हेब्बाळचा उड्डाणपूल रिकामा असतानाच ओलांडायचा, हे लक्षात ठेवा. पुढं देवनहळ्ळीपर्यंत लोण्यासारखा रस्ता, मग द्राक्षांचे मळे, मग वळणंच वळणं. वन्संसाठी आवळासुपारी घेतली होती, ती मीच संपवली. गाडी अर्ध्या दिवसाची ठरवली की ड्रायव्हरशी वाद होत नाही. पार्किंगचे पैसे मात्र वेगळे. स्वेटर न्या. मी परकर आणि फवारा घेतला आणि स्वेटर विसरले.

गणपती जाऊन चारच दिवस झाले होते. वर सगळं ढगात. वन्संच्या यजमानांनी विचारलं, "दरी कुठंय?"

आमचा ड्रायव्हर मंजण्णा म्हणाला, "तुमच्या पुढंच आहे सर. स्वल्प मागं या."

कठड्याजवळच्या झुडपात मला ते दिसलं. कोळ्याचं जाळं, ताटाएवढं, आणि धाग्याधाग्यावर दवाचे थेंब, जसे वन्संच्या लग्नातल्या मुंडावळ्या. "या वन्सं, बघा आता." फोटो जवळ जाऊन, जाळ्याच्या पातळीला वाकून काढायचा असतो. गुडघे कुरकुरले, पण वाकले. मोबाईल धरला. जाळ्याच्या कडेला एक वाळकं पान अडकलं होतं. तेवढंच काढावं म्हटलं.

आणि काय सांगू! पन्नास वर्षं घरातली जळमटं काढणारा हा हात. पदर पुढं आला आणि एका फटक्यात जाळं साफ.

मंजण्णा म्हणाला, "अज्जी, क्लीन आयतु." म्हणजे, आजी, साफ झालं.

मला रडूच यायचं बाकी होतं. वन्संनी विचारलं, "वहिनी, जाळं कुठंय?"

"पदरावर," मी म्हटलं, आणि खाली पाहिलं. इरकलीच्या काळ्याभोर पोतावर अख्खं जाळं चिकटलेलं. थेंब बरेचसे तसेच. आणि बिचारा कोळी लाल काठावरून चालत निघालेला, आपलं घर कुणी पळवलं ते बघत. काळा परकर पिशवीतच राहिला होता. त्याचं काम पदरानं केलं. मी डाव्या हातानं पदर धरला, उजव्या हातानं फोटो काढला. मग पदर झुडपाला टेकवला, कोळी उतरून गेला.

वन्संनी चष्मा पुसून फोटो पाहिला. कोपऱ्यात मोठं गुलाबी काहीतरी आलं होतं.

"हे काय?"

"माझा अंगठा."

चौथीपर्यंत शिकून सही करायला शिकले, आणि फोटोवर शेवटी अंगठाच उठवला! वन्सं कठड्याला धरून इतक्या हसल्या, की एक माकड बिथरून पळालं. जाताना त्यांच्या दशम्या घेऊन गेलं.

म्हणून परतताना देवनहळ्ळीला थांबून इडली-वडा आणि खाराबात, म्हणजे आपला तिखट सांजा. तिथंच बसून वन्संनी एका बोटानं ग्रुपवर लिहिलं: "हा फोटो वहिनीनं माझ्यासमोर काढला. अंगठा ओळखा."

घरी येऊन पाहते तर फोटो थोडा हललेलाच आहे. नात म्हणाली, अंगठा कापून देते. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. तो पदर धुतलाय, पण आता केरसुणी घेतली की हात मध्येच थांबतो. कढीपत्त्याच्या कुंडीमागं एक जाळं आहे, ते तसंच ठेवलंय. दसऱ्याची साफसफाई जवळ आलीय, सूनबाई रोज त्या कोपऱ्याकडं बघते.

पण वन्संनी जाताना बजावलंय, "मलाही शिकव. तोवर ते जाळं झाडू नकोस." खंडेनवमीला येणार आहेत दोघं, सकाळच्या गाडीनं, हत्यारांच्या पूजेला माझ्याबरोबर त्यांचाही मोबाईल मांडायचाय.