थँक यू म्हणजे ऐकलं

अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या ऑर्लिन थिएटरात ‘थँक यू’चा आभाराशी काही संबंध नव्हता. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की ऐकलं. स्टेज मॅनेजर ओरडणार, “पाच मिनिटं!” आणि अर्धवट मिशी चिकटवलेला नट, शिंपीण, दिवेवाला, सगळे आपापल्या कोपऱ्यातून म्हणणार, “थँक यू, पाच!” आकडा परत म्हणायचाच. नुसतं ‘थँक यू’ म्हणजे माणूस ऐकतोय की झोपेत बडबडतोय, कोणास ठाऊक. नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, आणि एकसष्ट वर्षांचा लेनर्ड ग्रालाक गेली कित्येक वर्षं ते पाळत नव्हता.

लेन वरच्या कठड्यावर असे. रंगमंचापासून साठ फूट उंच, छताच्या खाली, हाताएवढ्या रुंद जाळीवर. ऑर्लिनमध्ये पडदे टांगायला बेचाळीस लोखंडी दांड्या होत्या. प्रत्येक दांडीच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला एक पिंजरा, आणि पिंजऱ्यात लोखंडी विटा. सगळा कारभार तराजूचा. दांडी खाली आली, की पिंजरा वर लेनच्या छातीशी येऊन थांबायचा. मग त्यात विटा भरणं किंवा काढणं हे त्याचं काम. नियम एकच, आणि तो सगळ्यांना तोंडपाठ: पडदा सोडण्याआधी विटा काढायच्या. उलट केलंत, तर दांडी हलकी होते, पिंजरा जड राहतो आणि सुटतो.

तेहेतीस वर्षं त्याच्या हातून एक वीट खाली पडली नव्हती. ह्याचा त्याला ताठा होता, आणि तो ताठा त्याला शोभायचाही.

कानांची वाट मात्र त्याआधीच लागायला लागली होती. विशी-पंचविशीत तो ॲडम्स स्ट्रीटवरच्या एका क्लबात राबायचा. लोक त्या क्लबाला ‘भट्टी’ म्हणत, कारण आत हवा नव्हती आणि आवाज होता. दहा वर्षं लेन माणसाच्या उंचीच्या स्पीकरला टेकून उभा राहिला, बिअर प्याला, मुलींवर छाप पाडली. कानांत बोळे घालणाऱ्यांना तो आणि त्याचे दोस्त ‘आजीबाई’ म्हणायचे. तरुणपणी माणूस स्वतःचं अंग दुसऱ्याच्या घरचं असल्यासारखं वापरतो. पन्नाशीपर्यंत डावा कान ठार गेला आणि उजव्यात भांडी घासल्यासारखा आवाज राहिला.

सांगायला काय हरकत होती? हरकत होती ती बापाची. लेनचा बाप पत्र्याच्या प्रेसवर बहिरा झाला, आणि कारखान्याने त्याच्या हाती झाडू दिला. शेवटची अकरा वर्षं तो माणूस ज्या यंत्रावर पूर्वी उभा असायचा, त्याच यंत्राखालचा कचरा गोळा करत होता. लेनने ते पाहिलं होतं. म्हणून त्याने मूठ झाकून ठेवली, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. युनियनच्या कान-तपासणीत तो काचेपलीकडच्या बाईच्या खांद्याकडे बघायचा; तिचा खांदा हलला, की बटण दाबायचा. दरवर्षी पास.

एकाच माणसाला ठाऊक होतं. बर्नी व्होइचिक, ऑर्लिनचा सुतार, लेनच्याच लग्रांज स्ट्रीटवरचा, एकाच चर्चमध्ये दोघांचा बाप्तिस्मा झालेला. खालून दांडीचा आकडा पुकारला गेला, की बर्नी टोपी सारखी केल्यासारखं करून डोक्यावर बोटं दाखवायचा. एक आणि सात, सतरा. लेन वरून म्हणायचा, “थँक यू!” आकडा तो मुद्दामच गिळायचा, कारण कधी बोटं नीट दिसत नसत, आणि चुकीचा आकडा म्हणण्यापेक्षा न म्हणणं बरं. लोकांना वाटायचं, जुना माणूस आहे, त्याची ऐट आहे.

“सांगून टाक की रे आता,” बर्नी जानेवारीत त्याला म्हणाला होता. दोघे किलबासा, म्हणजे लसूण घातलेलं पोलिश सॉसेज, आणि कोबी खात बसले होते. “माझेही गुडघे गेलेत. उद्या मी नसलो तर?”

“तू कुठे मरतोयस!”

“मरत नाही, गाढवा. रिटायर होतोय.”

“हा हंगाम संपू दे. मेमध्ये सांगतो.”

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारचा खेळ साडेतीनला संपला. बाहेरून आलेली संगीत नाटकाची कंपनी होती, तिला पुढच्या गावी जायची घाई. मागचा मोठा दरवाजा उघडा टाकलेला, बाहेर तीन ट्रक इंजिन चालू ठेवून उभे, आत बर्फाळ वारा, हातोडे, शिव्या. खाली, जिथून दांड्या वर-खाली ओढतात त्या दोरांच्या रांगेशी, रोशेल पिकेट होती. चाळिशीची, धिप्पाड, आवाज असा की चर्चमधल्या गायकवृंदाला पुरून उरावा. त्या रांगेचा ताबा मिळालेली ऑर्लिनमधली ती पहिली बाई. पंधरा वर्षांपूर्वी सगळे नाकं मुरडत असताना लेननेच तिला दोर धरायला शिकवलं होतं, आणि तिच्या नावासाठी युनियनमध्ये टेबलावर मूठ आपटली होती.

पंधरा, सोळा, सतरा अशा दांड्या ओळीने रिकाम्या झाल्या. मग कंपनीचा माणूस धावत आला. एकोणीसचा पडदा ट्रकमध्ये तळाशी जातो, तो आधी हवा. अठरा आणि एकोणीस दोन्ही दांड्या खाली आलेल्याच होत्या. रोशेलने मान वर केली.

“लेन! अठरा राहू दे! एकोणीस काढ आधी!”

लेनने तिचं तोंड हलताना पाहिलं. कानात भांडी घासली गेली, त्यात ‘अठरा’सारखं काहीतरी. त्याने बर्नीची टोपी शोधली. बर्नी पलीकडे पाठमोरा, दोन्ही हातांनी पडद्याची घडी आवळत होता. पुन्हा विचारावं? एकदा विचारलं, की लोक वर बघतात. दोनदा विचारलं, की एकमेकांकडे बघतात. आणि सतरानंतर अठराच येणार, दुसरं काय येणार?

“थँक यू!” लेन ओरडला.

त्याने अठराच्या पिंजऱ्यातल्या बावीस विटा एकेक करून काढल्या, रचल्या आणि हाक दिली, “रिकामं!”

“एकोणीस रिकामं! सोडा!” रोशेल म्हणाली. खालच्यांनी एकोणीसच्या पडद्याच्या गाठी सोडल्या. बर्नी कापडाची चाकाची पेटी ओढायला भिंतीकडे आला होता, दोरांच्या रांगेशी. शेवटच्या दोन-तीन गाठी उरल्या, तेव्हा दोराची पकड कण्हली आणि सुटली. एकोणीसचा भरलेला पिंजरा लेनच्या कोपराजवळून खाली गेला. त्याला वारा लागला. मग पायाखालची जाळी थरथरली. तो दणका त्याला ऐकू आला. बर्नीसाठी घातलेल्या हाका नाही आल्या.

बर्नी पिंजऱ्याखाली सापडला; तिथेच गेला. रुग्णवाहिका आली ती नियमापुरती.

सोमवारी युनियनच्या हॉलमध्ये चौकशी सुरू झाली. चौकशीला आलेली लिंडक्विस्ट नावाची बाई बारीक चणीची, स्पष्ट बोलणारी. बोलताना ती माणसाच्या डोळ्यांत बघायची, त्यामुळे लेनला तिचा शब्द न् शब्द ओठांवर वाचता येत होता. अठरा रिकामी आणि एकोणीस भरलेली, हे तर सगळ्यांनी पाहिलं होतं. प्रश्न एकच होता: आकडा कोणता पुकारला?

“मिस्टर ग्रालाक, तुम्हाला काय ऐकू आलं?”

रात्रभर तो जागा होता. सांगायचं म्हणूनच आला होता, हे खोटं नाही. पण समोर कागद, कोपऱ्यात युनियनचा सेक्रेटरी डेन्झिल, आणि त्याला बापाच्या हातातला झाडू दिसला.

“अठरा,” लेन म्हणाला. “ती अठरा म्हणाली.”

भ्याडपणाला फार मोठं वाक्य लागत नाही. खालच्या सात जणांना विचारलं गेलं. ट्रकच्या घरघरीत आकडा कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. ‘थँक यू’ मात्र साऱ्यांनी ऐकलं होतं. आणि म्हाताऱ्या लेनची तेहेतीस वर्षं एका बाजूला, आणि कायम ‘बघू या किती टिकते’ म्हणून जोखलेली बाई दुसऱ्या बाजूला. लोकांचा तराजू कुठे झुकणार ते सांगायला नको. मंगळवारी रोशेलला कामावरून थांबवलं. बुधवारी ऑर्लिनच्या मागच्या दाराशी तिच्या गाडीवर कुणीतरी मोठाल्या अक्षरांत अठराचा आकडा रंगवला.

गुरुवारी बर्नीला पुरलं. चर्चच्या तळघरात जेवण होतं: हॅम, बटाट्याचं सॅलड, पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, आणि बायकांनी घरून आणलेले केक. रोशेल चर्चमध्ये आली, शवपेटीपाशी उभी राहिली आणि जेवायला न थांबता गेली. तिच्यासाठी कुणी खुर्ची सरकवली नव्हती. लेनने ते बघितलं आणि ताटातल्या पिएरोगीचे उगाच तुकडे करत बसला.

बर्नीची बायको आर्डिथ त्याच्या समोर येऊन बसली. तिने त्याची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं, लहान मुलाचं वळवावं तसं, आणि हळू बोलली, म्हणजे ओठ नीट दिसतील असं.

“मला माहितीये, लेन. त्याने मला सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.”

लेनच्या हातातला काटा खाली आला.

“सोमवारपासून वाट बघतेय, की तू सांगशील. मला वाटलं, निदान त्याला पुरण्याआधी सांगशील.”

“आर्डिथ, मी—”

“मला नको सांगूस. मी काय करू ऐकून? त्या पोरीला सांग. आणि हे जेवण संपव, लोक बघतायत.”

ती उठून कॉफी वाढायला गेली. त्याला ती रडली असती, ओरडली असती, तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी लेनने लिंडक्विस्टबाईंना फोन केला नाही, कारण फोनवर त्याला कुणाचं बोलणं कळतच नसे. तो हॉलवर गेला आणि दारात बसून राहिला. अकराला ती आली, डेन्झिल आला, आणि लेनने हट्ट धरला म्हणून रोशेललाही बोलावलं. ती ओला कोट न काढता भिंतीशी उभी राहिली.

“ती अठरा म्हणाली, हे मी खोटं सांगितलं,” लेन म्हणाला. “काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. मला ऐकू येत नाही. दहा-बारा वर्षं झाली. बर्नी बोटं दाखवायचा. त्या दिवशी त्याचे हात गुंतले होते. मी न ऐकताच थँक यू म्हणालो.”

डेन्झिलने कपाळाला हात लावला. लिंडक्विस्टबाई लिहीत राहिली. आता खांद्यावरचं ओझं उतरेल, असं लेनला वाटलं होतं. काही उतरलं नाही. ते फक्त खोलीभर झालं.

रोशेल टेबलापाशी आली, वाकली, त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं.

“दिसतंय नीट? कळतंय?”

त्याने मान हलवली.

“खाली माझ्या जागेवर खेळाचं सगळं काम दिव्यावर चालतं, म्हाताऱ्या. लाल लागला की दोर धर, विझला की ओढ. ठार बहिऱ्यालाही जमतं. तू एकदा, एकदा तोंड उघडलं असतंस, तर मी वर गेले असते आणि तू खाली आला असतास. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत झालं असतं ते.”

ते खरं होतं, आणि इतकं साधं होतं की एवढ्या वर्षांत लेनच्या डोक्यात आलं नव्हतं. तो दिवा त्याने रोज वरून पाहिला होता.

“तुला झाडू कोण देणार होतं?” ती म्हणाली. बापाची गोष्ट त्यानेच तिला कधीतरी सांगितली होती. “तू मला दोर धरायला शिकवलंस. मी दिला असता?”

मग ती सरळ झाली, कोटाची बटणं लावली आणि दाराकडे निघाली. उंबऱ्याशी, पाठमोरीच, ती आणखी काहीतरी बोलली. लेनला तिचे खांदे तेवढे हलताना दिसले. डेन्झिलने चटकन मान खाली घातली. लिंडक्विस्टबाईचं पेन थांबलं.

दार लागलं. लेनने आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं, “काय म्हणाली ती? मला ऐकू नाही आलं.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“काही नाही, लेन,” डेन्झिल म्हणाला. “जाऊ दे.”