काकांचा वरचा सा

भुतंखेतं, करणी, असलं काही मी मानत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस. दिवा गेला की आधी फ्यूज बघतो. तरी हे लिहितोय, कारण ह्यात चूक माझी होती... आणि ती नेमकी काय होती ते मला अजून कळलेलं नाही.

१९९३च्या आसपासची गोष्ट. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहायचो, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. भिंतीपलीकडच्या ब्लॉकमध्ये माझे सख्खे काका. दिवसा कंपनीत सुपरवायझर, संध्याकाळी चहा झाला की व्हायोलिन. मी एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो आणि नुकताच सेकंडहँड सॅम्पलर घेतला होता — खऱ्या वाद्याचा सूर रेकॉर्ड करून कीबोर्डवर वाजवायचं मशीन. त्यातलं तयार व्हायोलिन ऐकून काका म्हणाले, "हे व्हायोलिन आहे की दाराची बिजागरी?" मला झोंबलं. म्हटलं, "मग तुम्हीच वाजवा. तुमचंच भरतो ह्यात."

रविवारी दुपारी पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून चार सूर घेतले. मेमरी तेवढीच, मधले सूर मशीन स्वतः ताणून बनवायचं. सा आणि ग एका फ्लॉपीवर, प आणि वरचा सा दुसरीवर. वरच्या साआधी काकांनी सवयीने नाक ओढलं, तेही आत आलं. मी मुद्दाम ठेवलं. पुढच्या प्रोग्रॅमला लोक माना उंच करून स्टेजवर व्हायोलिनवाला शोधत होते. काय मिरवलो मी!

आठवड्याने काका म्हणाले, "अरे, सा लागत नाहीये मला." आधी हसलो. मग ऐकलं. नेमके तेच चार सूर त्यांच्या हातून घोगरे, पोकळ निघत होते. शेजारचे स्वच्छ. तारा बदलल्या, गजाला नवी राळ लावली, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांच्याच व्हायोलिनवर त्यांच्या मित्राने वाजवलं तर चारही सूर खणखणीत. काकांनी हातात घेतलं की पुन्हा तेच.

काकूने मला स्वयंपाकघरात गाठलं. "त्यांचं घेतलंस ते पुसून टाक."

"काकू, कॉपी काढल्याने मूळ कमी होत नाही गं."

"मग पुसायला तुझं काय जातंय?"

तिच्या समाधानासाठी पहिली फ्लॉपी पुसली. त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून सा आला — भरीव, गोल. मग ग. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

दुसरी फ्लॉपी मी मुरली नावाच्या उल्हासनगरच्या एका कीबोर्डवाल्याला दिली होती. धावत गेलो. "अरे साईं, वो तो पाँच-छे लोगों ने कॉपी मार ली," तो खुशीत म्हणाला. "इतना रियल वायलिन किधर मिलता है?" त्याच्याकडची पुसली. बाकीच्यांपैकी दोघे सापडले, त्यांचीही पुसली. काही फरक पडला नाही.

काका त्यानंतरही वाजवायचे. तान वर चढायची आणि वरच्या साच्या खाली येऊन थांबायची. मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. पुढे व्हायोलिन पेटीतच राहिलं. मग काकाही गेले.

त्यानंतर वर्षभराने काकूला घेऊन बदलापूरला, हेंद्रेपाड्यात एका लग्नाला गेलो होतो. भर दुपार, पंगत बसलेली. स्टेजवर कोणी अनोळखी कीबोर्डवाला. आणि एकदम... नाक ओढल्याचा आवाज, पाठोपाठ वरचा सा.

काकूच्या हातातली पुरी ताटात पडली. मी ताडकन उठलो. "थांब, आत्ता पुसायला लावतो त्याला."

तिने माझा शर्ट धरला. "आता कोणाला परत देणारेस? वाजवू दे."

गाणं संपेपर्यंत तिने शर्ट सोडला नाही. गर्दीत तो कीबोर्डवाला नंतर सापडलाच नाही.

कारण मला माहीत नाही. योगायोग म्हणू नका, ते मी स्वतःला बरीच वर्षं सांगून पाहिलंय. फक्त एवढंच — कोणाकडे जुन्या फ्लॉपीत नाक ओढणारं व्हायोलिन असेल, तर कृपा करून पुसू नका. काकू अजून आहे. मी तिला घेऊन येईन.