बबनला माणसं बसलेली हवी होती

फोन वहिनींचा होता. बायकोच्या फोनवरून बबनच बोलणार असं धरून मी उचलल्याबरोबर ओरडलो, "कुठं हायेस? टेम्पो निघालाय." तिसगावच्या लग्नाची सुपारी होती आणि आमचा मास्तरच गायब. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या छातीत कळ आली... गेले." आम्ही ती वरात वाजवली. नवऱ्यामुलाचा काय दोष? पण तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आता हे लिहितानाही दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो.

बबन ट्रॉम्बोन वाजवायचा. पुढं-मागं सरकणाऱ्या लांब नळीचं ते पितळी वाद्य. नळीला जागा लागते म्हणून तो वरातीत सगळ्यांच्या पुढं, आणि पुढं असल्यामुळं मास्तरकीही त्याच्याकडंच. मागं न बघता नुसता खांदा उडवून तो आम्हा सगळ्यांना थांबवायचा. मी क्लॅरोनेटवाला, त्याच्या डाव्या हाताला. त्यानं स्वतःचा बँड कधी काढला नाही. आम्हाला घेऊन फिरायचा; आज राहात्याचा, उद्या पाथर्डीचा, जो बोलावील त्याचा कोट अंगात, आणि कोट एकही मापाचा नाही. वहिनी मागं लागायच्या, तर म्हणायचा, "बँड काढला की सुपाऱ्या घ्यायला दुकानात बसाय लागंल." या माणसाला बूड टेकवून नीट जेवताना मी क्वचितच पाहिलं. चहासुद्धा टपरीपुढं येरझाऱ्या घालत प्यायचा.

आणि अशा माणसाला ध्यास कसला, तर लोकांना बसवायचा! पुणतांब्यात नदीकाठी एकदा म्हणाला, "आपन वाजवतो तवा कोन नाचतं, कोन फटाके लावतं, कोन मोबाईलमधी. ऐकतं कोन रं? एकदा समदी मानसं खाली बसून ऐकू देत, बास. मग मेलो तरी चालंल." शेवटचं वाक्य आपण सगळेच बोलतो. त्यानं निदान त्याच्या आधीचं तरी होऊ द्यायचं होतं.

गावच्या जत्रेत त्यानं तसा कार्यक्रम ठरवला. समोर सतरंज्या, स्टेजवर आम्हाला खुर्च्या. ट्रॉम्बोन बाजूला ठेवून तो हातात छडी घेऊन उभा राहिला. आणि आमची अशी फजिती झाली की विचारू नका. जन्मभर चालत वाजवलेलं, ताल सगळा पायांत मुरलेला. बसल्याबरोबर तो सुटला तो सुटलाच, अभंगाची पार वरात झाली. पोरं उठून नाचायला लागली, सतरंज्या गोळा झाल्या. बबन एवढंच म्हणाला, "तुमाला बसता येत न्हाई." पुढं कित्येक पावसाळे, सुपाऱ्या नसायच्या तेव्हा, तो आम्हाला शाळेच्या ओट्यावर बसवून वाजवून घ्यायचा. आम्ही कंटाळायचो, तो चिडायचा. पुन्हा तसा कार्यक्रम काही झाला नाही... राहूनच गेला.

दशक्रियेला घाटावर गर्दी होती. प्रवचन झालं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. लोक एकमेकांकडं बघायला लागले. वहिनी माझ्याजवळ आल्या. "भाऊजी, त्यांचं काय ऱ्हायलंय ते तुमाला ठावं हाय."

दुपारची सुपारी होती, त्यामुळं वाद्यं टेम्पोतच होती. पुढाऱ्यांच्या खुर्च्या मागून घेतल्या आणि त्यावर बसून आम्ही त्याच्या आवडीचा अभंग धरला. पहिल्या कडव्यातच ताल पळाला. मला जत्रेचीच आठवण झाली. तेवढ्यात ढोलवाला उठला आणि जागच्या जागी पाय टाकायला लागला. मग मी उठलो, मग सगळेच. ताल जागेवर आला. आमच्या आवाजानं कावळे मात्र उडून पार पैलतीरी गेले. "आता कशाचा येतोय कावळा," कुणीतरी पुटपुटलं.

तरी उठलं कुणी नाही. घाटाच्या पायऱ्यांवर सगळा गाव बसून होता, मघापासून घड्याळ बघणारे पुढारीसुद्धा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे बाबा, आम्हाला बसवायच्या नादात तू एवढी वर्षं घालवलीस. आम्ही उभेच बरे होतो, बसायचं होतं ते माणसांनी. हे त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. त्याचा भयंकर राग आला आणि रडूही आलं, पण क्लॅरोनेट तोंडात असताना रडता येत नाही.

अभंग संपल्यावर बघितलं, तर पिंडाला कावळा शिवून गेला होता. जो तो विचारत होता, कधी शिवला? मला खरंच माहीत नाही. मी माणसांकडं बघत होतो.